गाथेतलं बरोबर की बुवांचं?

प्रश्न : आमच्या भजनी मंडळातले जुने बुवा तुकोबांचे अभंग तोंडपाठ म्हणतात, पण मोबाईलमधली गाथा उघडली की कुठे शब्द वेगळा असतो, कुठे चरण मागेपुढे. तरुण मुलं भर भजनात त्यांना टोकतात. खरा पाठ कुठला धरायचा? – एक वाचक, नाशिक

उत्तर : भजन चालू असताना बुवांना टोकू नका, हे आधी अगदी कळकळीने सांगतो. मोबाईलमधली गाथा कुठल्यातरी छापील आवृत्तीवरून उचललेली असते आणि छापील गाथा जुन्या वह्यांवरून तयार झालेली. १८६९ साली विष्णु परशुरामशास्त्री पंडितांनी शंकर पांडुरंग पंडितांच्या देखरेखीखाली, सरकारी मदतीने जी गाथा छापली (दुसरा भाग १८७३ ला आला) तिच्यासाठी देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर इथली हस्तलिखितं बघितली गेली आणि ती एकमेकांशी सगळीकडे जुळत नव्हतीच, जुळणार तरी कशी, या वह्या ज्यांनी लिहिल्या ते आधी गाणारे होते. संताजी जगनाडे तुकोबांचे टाळकरी आणि त्यांचे अभंग उतरवून घेणारेही, असंच वारकरी सांगतात ना. म्हणजे आधी कागद आणि मग त्यावरून गाणं असा सरळ क्रम इथे नव्हताच, गाताना ऐकलेलं वहीत आलं, वहीतलं परत कीर्तनात गेलं, तिथून दुसऱ्याच्या वहीत. गाथेत दुसऱ्या चरणापाशी ॥ध्रु॥ छापलेलं दिसतं ना, ते बघा, ती वाचणाऱ्यासाठी नाही, टाळकऱ्यांसाठी खूण आहे, हे धृपद, म्हणजे परत परत म्हणायची ओळ, धरा म्हणून.

ज्ञानेश्वरीचंही तसंच. १२९० साली ज्ञानेश्वरांनी सांगितली, सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली, आणि जवळपास तीनशे वर्षांनी, १५८४ ला, संत एकनाथांना ती शुद्ध करायला घ्यावी लागली कारण तोवर पाठभेद फार झाले होते. (पाठ शुद्ध करा पण स्वतःची ओवी घुसडू नका, ही नाथांची ताकीद मला फार मोठी वाटते.)

पण या सगळ्यात मला मनापासून आवडणारी रीत महानुभाव पंथाची आहे. पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी गेल्यावर म्हाइंभटांनी रिद्धपूरला नागदेवाचार्यांच्या सोबतीने लीळाचरित्राचं, म्हणजे स्वामींच्या आठवणींच्या ग्रंथाचं, काम घेतलं, ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिलं-ऐकलं होतं त्यांच्याकडे जाऊन, विचारून, ताडून एकेक लीळा लिहिली, आणि हे तेराव्या शतकात! पुढे यादवांच्या पाडावानंतरच्या धामधुमीत मूळ पोथी गेली, ग्रंथ परत उभा राहिला तो शिष्यांच्या पाठांतरावरून, त्यात हिराइसा या बाईंचं नाव पंथ आजही आदराने घेतो. आता प्रत्येकाच्या आठवणीत थोडा फरक पडणारच, पण लिहिणाऱ्यांनी तो पुसला नाही. हा हिराइसाचा पाठ, हा रामेश्वरबासांचा, हा परशरामबासांचा, असं नावानिशी नोंदवून ठेवलं. एका माणसाचं खरं ठरवून बाकीच्यांचं फेकून देणं सोपं होतं, त्यांनी ते केलं नाही, म्हणून आज आपल्याला तेव्हाची माणसं बोलताना ऐकू येतात.

तुम्हीही हेच करा. बुवांचा अभंग रेकॉर्ड करा, मंडळाच्या वहीत त्यांचा पाठ पूर्ण लिहा, छापील पाठ शेजारी लिहा, आणि बुवांनी तो कुणाकडून, कुठल्या गावी घेतला हे त्यांना विचारून खाली टाका. तेवढ्यावरून बुवांचं सगळंच बरोबर ठरतं असं मात्र नाही. अर्थच तुटत असेल किंवा छंद लंगडत असेल तर ऐकण्यात चूक झालेली असू शकते, तेव्हा गाथेच्या दोन-तीन वेगळ्या आवृत्त्या बघा, पुष्कळदा बुवांचा शब्द दुसऱ्या आवृत्तीत सापडतो.

प्रश्न : आजोबा कीर्तन करायचे. त्यांच्या लांबट वहीत अभंगांच्या नुसत्या पहिल्या ओळी आहेत, मध्येच औषधं आणि उधारीचे हिशेबही. हिचा कुणाला उपयोग आहे का? – एक वाचक, जळगाव

उत्तर : खूप आहे, रद्दीत घालू नका! ते बाड आहे. आखूड बाजूला शिवलेलं असेल, पानं खालून वर उलटायची. बाकीचा अभंग आजोबांना पाठच होता, म्हणून पहिली ओळ पुरायची, ती फक्त आठवण करून द्यायला. कुठल्या अभंगानंतर कुठला घेतलाय तो क्रम नीट बघा, त्यातून त्यांचं कीर्तन कसं चालायचं ते कळेल, आणि हे छापील गाथेत कुठेच मिळत नाही. हिशेबाची पानंही फाडू नका, सालं बहुतेक त्यातच सापडतात. घरच्या घरी एकेका पानाचे फोटो काढा, लॅमिनेशन अजिबात नको, चिकटपट्टीही नको. धुळे तुम्हाला जवळच आहे, तिथे जुनी हस्तलिखितं जपणाऱ्या राजवाडे संशोधन मंडळात किंवा समर्थ वाग्देवता मंदिरात वही नेऊन दाखवा.