‘टीव्हीवर होतं, मग माझ्याच हातून का बिघडतं?’

माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या एक बाई खुर्चीत बसता बसताच म्हणाल्या, “मॅडम, माझ्या हाताला चवच नाही. वीस वर्षं स्वयंपाक करतेय, पण टीव्हीवरचा एक पदार्थ धड जमत नाही.” (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

त्या रोज दुपारी पाककृतींचा कार्यक्रम बघायच्या, कृती वहीत उतरवायच्या आणि रात्री करायच्या. जेवताना कुणीतरी म्हणायचं, “टीव्हीसारखं नाही झालं.” मग त्या न जेवताच उठायच्या. आता रोजचा साधा स्वयंपाक करतानाही धडधडायला लागलं होतं. ही तक्रार माझ्याकडे वरचेवर येते, पुरुषांकडूनही येते.

पहिल्या भेटीत मी चुकले. “एवढं काय मनाला लावून घ्यायचं?” असं बोलून गेले आणि त्या गप्पच झाल्या. ज्या कामात माणसाची वीस वर्षं गेली, ते काम त्याच्यासाठी ‘एवढंसं’ नसतं.

पुढच्या वेळी वही मागवली. एका पानावर होतं, ‘कांदा गडद होईपर्यंत परतणे.’ वेळ लिहिलेली नव्हती.

“पडद्यावर किती वेळ परतला?”

“असेल अर्धा मिनिट.”

मंद आचेवर कांदा गडद तपकिरी व्हायला पाऊण तासही लागतो. आधी त्यातलं पाणी आटावं लागतं, तोवर रंग चढत नाही. पडद्यावर हा सगळा वेळ कापलेला असतो. बऱ्याचदा तर आधीच करून ठेवलेला पदार्थ पुढे ठेवतात. साहित्य मोजून वाट्यांत मांडलेलं, हाताखाली माणसं, आवराआवर दुसऱ्यांकडे. तो वेग गाठायला या आच मोठी करायच्या, कांदा करपायचा आणि दोष स्वतःला द्यायच्या.

मी त्यांना टीव्हीवर स्वयंपाक शिकवणाऱ्या ज्युलिया चाइल्ड यांच्याबद्दल सांगितलं. 1963 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या त्यांच्या कार्यक्रमात बटाट्याचा पदार्थ उलटताना थोडा शेगडीवर सांडला. त्यांनी तो उचलून परत तव्यात घातला आणि लोकांनी ते तसंच पाहिलं.

“कापलं नाही?” बाईंनी दोनदा विचारलं.

मग ठरलं: महिनाभर नवीन कृती नाही. तोच एक पदार्थ तीनदा करायचा आणि प्रत्येक पायरीला घड्याळ बघून वेळ लिहायची. एका भेटीला घरच्यांनाही बोलावलं. “मीठ कमी आहे” असं खुशाल सांगा, म्हटलं, त्यावर काहीतरी करता येतं. “टीव्हीसारखं नाही” यावर करणाऱ्याने काय करायचं? नवरा बराच वेळ खाली बघत बसला. त्याला खरंच कल्पना नव्हती.

झोप आणि भूक मी दर भेटीत विचारत होते. ती सुधारली नसती, तर त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं असतं.

चौथ्या भेटीत वही पुढे आली. ‘कांदा – 42 मिनिटं. मध्ये दोनदा पाण्याचा हबका.’ त्याखाली बारीक अक्षरात: ‘मीठ जरा जास्त झालं. सगळ्यांबरोबर जेवले.’