अंडे आणि जिलेटिन न घालता आंब्याचे मूस हलके कसे होईल?

तुमच्या घरी अंडे आणि जिलेटिन चालत नाही. आंब्याचे मूस पहिल्यांदा श्रीखंडासारखे जड झाले आणि दुसऱ्यांदा चायना ग्रास (जिलेटिनऐवजी वापरतात तो समुद्री शेवाळाचा गोठवणारा पदार्थ) वाढवल्यावर त्याची वडी पडली, असे तुम्ही लिहिले आहे. मी कोल्हापुरात राहते. तांबडा-पांढरा रस्सा झालेल्या जेवणानंतर पाहुण्यांपुढे गार आणि हलके काही ठेवायचे म्हणून हे मूस मी उन्हाळाभर करते, आणि या दोन्ही चुका माझ्याही हातून झालेल्या आहेत.

मूस या फ्रेंच शब्दाचा अर्थच फेस असा आहे. हलकेपणा येतो तो फेटलेल्या क्रीममध्ये अडकलेल्या हवेमुळे. चायना ग्रास ती हवा जागच्या जागी धरून ठेवण्यापुरताच लागतो. त्यामुळे खरी मेहनत क्रीमवर घ्यावी. साध्या फ्रेश क्रीमच्या पाकिटात स्निग्धांश बहुधा २५ टक्क्यांच्या आसपास असतो आणि ते कितीही फेटले तरी नीट फुलत नाही. व्हिपिंग क्रीमच घ्यावे, ज्यात तो ३० ते ३५ टक्के असतो. आपल्याकडे म्हशीचे दूध उत्तम मिळते म्हणून घरची साय वापरण्याचा मोह होतो, पण साय फेटली की लोणी सुटते.

सहा वाट्यांसाठी २०० मिली क्रीम, २५० मिली हापूसचा रस, १०० ग्रॅम चक्का, तीन मोठे चमचे पिठीसाखर, आणि १०० मिली पाण्यात एक सपाट चहाचा चमचा चायना ग्रासची पूड एवढे पुरते. रस गाळून घ्यावा, पण शिजवू नये, कारण हापूसचा वास शिजवल्यावर राहत नाही. चक्का श्रीखंडाला करतो तसाच पुरणयंत्रातून काढून, साखरेसह रसात मिसळावा.

आता ज्या ठिकाणी बहुतेकांचे बिघडते ते सांगते. चायना ग्रास विरघळायला पाणी दोन मिनिटे खळखळून उकळावेच लागते, आणि ते साधारण ४० अंशांपर्यंत उतरले की गोठू लागते. फ्रीजमधून काढलेल्या गार रसात ते ओतले, तर तिथल्या तिथे बारीक चिकट कण धरतात, जे नंतर कितीही घोटले तरी मोडत नाहीत. म्हणून रस आधी बाहेर काढून कोमट करावा, उकळलेले पाणी बारीक धारेने ओतत सतत ढवळावे, आणि मिश्रण बोटाला जेमतेम कोमट लागेल तेव्हाच क्रीम घालायला घ्यावे.

क्रीम मात्र अगदी गार हवे. एप्रिल-मेच्या उकाड्यात मी पातेले आणि बीटरची पाती अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवते आणि फेटताना पातेल्याखाली बर्फाची परात घेते. पाते वर उचलल्यावर क्रीमचे टोक उभे राहून किंचित वाकले की थांबावे. त्यापुढे गेल्यास ते रवाळ होते आणि मूस जड लागते. तुमच्या पहिल्या मुसाचे बहुधा हेच झाले असावे. आधी एक डाव क्रीम रसात मिसळून तो सैल करावा, मग उरलेले दोन वेळा घालून तळातून वर उचलत हलक्या हाताने मिसळावे. पांढऱ्या रेघा दिसेनाशा झाल्या की हात आवरावा. लगेच वाट्यांत भरून चार तास फ्रीजमध्ये ठेवावे. फ्रीझरमध्ये ठेवल्यास बर्फाचे कण धरतात.

महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरी घेतल्या तर त्यांचा रस पाणचट असल्याने निम्मा होईपर्यंत आटवून घ्यावा. अननस मात्र पाच मिनिटे शिजवूनच वापरावा, कारण कच्च्या अननसातील पाचक द्रव्यामुळे क्रीम आणि चक्का थोड्याच वेळात कडवट होतात.