गाणं सुरू झालं की आमचीच मुलगी का रडते?

"सगळी मुलं टाळ्या वाजवतात आणि आमचीच तेवढी आकांत करते. तिला घरी ठेवू की कार्यक्रमच बंद करू?" गोव्याच्या फोंडा तालुक्यातल्या एका आईचा हा प्रश्न. ती गाते, नवरा हार्मोनियम आणि घुमट (मातीच्या घटावर चामडं ताणलेलं तालवाद्य) वाजवतो. दिवाळी ते मे या काळात अंगणवाड्या, वाचनालयं, देवळांचे सभामंडप असे पेडण्यापासून काणकोणपर्यंत त्यांचे बालगीतांचे कार्यक्रम होतात. सोबत आजी आणि ४ वर्षांची लेक. ओळख पटेल असे तपशील इथे वगळले आहेत, पण लेकराला घेऊन गावोगाव कार्यक्रम करणाऱ्या बऱ्याच आईबापांची काळजी हीच असते.

घरचे उपाय करून झाले होते. मोबाईल दिला, तर तो काढून घेताना दुप्पट रडं. हातात टाळ देऊन मंचावर उभं केलं, तर आधी कौतुक झालं आणि पुढच्या खेपेला ती आईच्या साडीत तोंड खुपसून बसली. लोक मात्र "म्हण गं बाय, म्हण" करत राहिले. नातेवाइकांचं निदान तयारच होतं: लाडावली आहे.

आईबाबांना पुढच्या ३ कार्यक्रमांची नोंद ठेवायला सांगितली. ती कधी उठली, काय खाल्लं, तुम्ही तिच्यापासून कधी लांब झालात, रडं कुठल्या गाण्याला फुटलं. लाडाचा त्यात मागमूस नव्हता. पहाटेचं उठणं, गाडीत वेफर्स, पोचल्यावर तासभर दोघंही स्पीकर आणि वायरींत, आजी खाऊची पाकिटं भरण्यात. कार्यक्रम ११ चा असला तरी मुलीच्या हातून आई १० लाच सुटलेली. आणि तिन्ही वेळा रडं फुटलं ते अंगाईला. हीच अंगाई आई रोज रात्री तिला थोपटताना म्हणते. आपल्या अंथरुणातलं गाणं आई परक्या मुलांना म्हणते आहे, हे त्या वयाला सोसत नाही. त्यात हट्ट नाही, भीती आहे. ती अंगाई कार्यक्रमातून काढली आणि घरापुरती ठेवली. सगळ्या बदलांत हा सर्वांत महत्त्वाचा.

मग आजीचं काम ठरलं: फक्त नात. पाकिटं नाहीत, आयोजकांशी बोलणं नाही. बसायची जागा पहिल्या रांगेत नको, तिथून मंचावर धावायला दोन पावलं लागतात. कडेला, दाराजवळ, आई दिसेल अशी हवी. जोडणी बाबांनी एकट्याने करायची. आईने शेवटची २० मिनिटं वायरीला हात लावायचा नाही. त्या वेळात थर्मासमधली उकड्या तांदळाची पेज, मग शू, मग निरोप. नजर चुकवून सटकणं सोपं वाटतं, पण तसं केलं की मूल पुढच्या वेळी आधीपासूनच पदर धरून ठेवतं.

गाणी किती उरली हे मुलीला दिसायला हवं. त्यासाठी आजीच्या पिशवीला कपड्यांचे मोठे चिमटे लावले, जितकी गाणी तितके. एक गाणं झालं की मुलगी एक चिमटा काढते. चिमटे संपले की आई येते. चिंचोके किंवा मणी घेऊ नका. आजूबाजूला ३ वर्षांखालची मुलं असतात आणि हाताला लागेल ते तोंडात घालतात. काजूच्या बिया तर नकोतच, कच्च्या बीच्या टरफलातला चीक कातडी भाजतो.

कार्यक्रमही आखडता घेतला. पाऊण तासाचा होता तो अर्ध्या तासावर आणला; २-३ वर्षांच्या मुलांपुढे २० मिनिटं पुष्कळ. उड्या मारायची दोन गाणी, मग बसून म्हणायचं एक. आईची पट्टी मुलांना खाली पडत होती. पांढरी २, म्हणजे हार्मोनियमची दुसरी पांढरी पट्टी, सा धरून चाल सा ते प मध्ये ठेवली, की बहुतेक मुलांचा गळा लागतो आणि ती ओरडत नाहीत. पत्र्याच्या छपराखाली, फरशीवर आवाज घुमतो, म्हणून लहान जागेत माइक नकोच. हातभर अंतरावरच्या माणसाशी आवाज चढवून बोलावं लागलं, तर तो आवाज मुलांच्या कानांना जास्त आहे. घुमटाच्या थापेला लहान मुलं दचकतात. आधी वाद्य दाखवावं, बोटाने हलकेच एक थाप ऐकवावी, मग वाजवावं. वादक पहिल्या रांगेपासून निदान दोन मीटर मागे असावा.

मंचावर यायचं की नाही, हे मुलीने ठरवायचं. यायचंच तर शेवटच्या गाण्याला, सगळ्या मुलांबरोबर. एकटीला पुढे करायचं नाही, माइक तोंडाशी न्यायचा नाही. आईबाप कलाकार आहेत म्हणून चार वर्षांच्या मुलीने लोकांचं मन राखावं, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

रडं दोन आठवड्यांत बरंच ओसरलं आणि एका दिवशी पुन्हा उसळलं. चिमटे संपले होते, तेवढ्यात आयोजक म्हणाले, "वहिनी, आणखी एक होऊन जाऊ दे." आईने भिडेखातर गायलं. मुलीच्या लेखी तो दिलेला शब्द मोडणं होतं. आता फोनवरच सांगितलं जातं: गाणी ठरलेलीच होतील, दिवसाला एकच कार्यक्रम, तोही सकाळचा, म्हणजे परतताना गाडीत तिची झोप होते. आजीला बरं नसेल तर आई घरी राहते आणि बाबा एकटे जातात. त्यासाठी त्यांनी वेगळी, फक्त वाद्यांची अर्ध्या तासाची जुळणी बसवून ठेवली आहे.

मूल घरीही मिक्सरच्या आवाजाला कान झाकत असेल, शिकलेले शब्द बोलायचं थांबलं असेल किंवा कार्यक्रम नसलेल्या दिवशीही आईपासून क्षणभर सुटत नसेल, तर चिमट्यांवर विसंबू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि कान तपासून घ्या.