मणी पायांवर झडप का घालते?

"मॅडम, पिल्लू हिंस्र निघालंय. मासळी बाजारात नेऊन सोडू का?" फोंड्याहून आलेल्या बाईंचा हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडांनी सारखा येतो. बाईंच्या मनगटावर ओरखडेच ओरखडे. 7 वर्षांचा मुलगा संध्याकाळी सोफ्यावरून पाय खाली सोडत नव्हता, आणि सासूबाईंनी तर निकालच देऊन टाकला होता, मांजर घरात नको.

मणी अडीच महिन्यांची. भर पावसात एकटीच सापडली, तेव्हा जेमतेम 4 आठवड्यांची असावी. दात किती जोरात लावायचे हे पिल्लं भावंडांशी झोंबताना शिकतात. जास्त जोरात चावलं की समोरचं किंचाळतं आणि खेळ मोडतो. म्हणून पिल्लू निदान 8 आठवडे आईजवळ असावं. मणीच्या वाट्याला ते आलंच नाही.

मी विचारलं, "तिच्याशी खेळतं कोण?" बाई हसल्या. "हेच. हातानं लोळवतात, पोटात गुदगुल्या करतात." पिल्लू मुठीएवढं असतं तोवर सगळ्यांनाच गंमत वाटते. पिल्लाच्या लेखी मात्र हात म्हणजे सावज, हे तेव्हाच पक्कं होऊन बसतं.

त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. मणी दाराआड दबा धरून बसलेली, शेपटीचं टोक वळवळतंय, मागचा भाग डुलतोय, तोंडातून आवाज नाही. मग एकदम घोट्यावर झडप. कान चपटे नाहीत, गुरगुर नाही, फिस्कारणं नाही. हा खेळच. हात लावताच ती कळवळली असती किंवा गुरगुरली असती, तर मी आधी पशुवैद्याकडे पाठवलं असतं.

पहिला नियम, हाताचा खेळ बंद, घरातल्या सगळ्यांचाच. त्याऐवजी लांब काठीला दोरी आणि दोरीला चिंधी. चिंधी मणीपासून लांब पळवायची, तोंडासमोर नाचवायची नाही. कुठलाच उंदीर आपणहून मांजराच्या तोंडात येत नाही. शेवटी ती पकडू द्यायची आणि लगेच जेवण वाढायचं. मांजरांना पहाटे आणि तिन्हीसांजेला चेव येतो, तेव्हा दिवेलागणीच्या आधीच 10-15 मिनिटं खेळून घ्यायचं. नंतर काठी कपाटात, कारण दोरी गिळली तर आतड्यात अडकते.

तरी दात लागलेच तर हात हिसकायचा नाही, हिसकला की तिला आणखी जोर चढतो. हात सैल सोडायचा, किंचित तिच्याच दिशेनं न्यायचा. पकड सुटली की मुकाट्यानं उठून दुसऱ्या खोलीत जायचं. आजोबा नाकावर टिचकी मारत आणि पाण्याचा फवारा उडवत, ते बंद करायला लावलं. खेळात चावणारं पिल्लू वळणावर येतं, भीतीनं चावू लागलेलं सावरायला फार जड जातं.

थोड्याच दिवसांत फोन आला, "आता तर जास्तच चावते!" नेहमीचा खेळ मिळेनासा झाला की पिल्लू आधी जोर वाढवून बघतं. नेमके इथेच बरेच जण हात टेकतात. त्यातून यजमानांची सवय काही सुटेना. मग काठीचा ताबा मुलाकडे दिला. तो बाबांना असा टोकू लागला की त्यांचा नाइलाज झाला. त्यानंतर चावणं हळूहळू उतरलं. दुधाचे दात पडताना, म्हणजे साडेतीन ते 6 महिन्यांच्या काळात, ते पुन्हा थोडं उसळेल हेही सांगून ठेवलं.

एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी करायला लावली. 2021 मध्ये गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र जाहीर झाल्यापासून लोक मांजराचा चावा फारसा मनावर घेत नाहीत. पण बाहेरून आणलेल्या, लस न झालेल्या पिल्लाच्या दातानं किंवा नखानं रक्त आलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठायचं. मणीची रेबीजची लस 3 महिने पूर्ण झाल्यावर ठरली. मुलाच्या पोटरीवर ताजा चावा होता, त्याला आधी तिकडे पाठवलं, बाकीचं बोलणं दुसऱ्या दिवशी.