चिंगी सडक्या माशांत का लोळते?

प्रश्न : आमची चिंगी ही इमारतीच्या फाटकाशी पिल्लू असताना सापडलेली देशी कुत्री आहे. सकाळी मी तिला वर्सोव्याच्या किनाऱ्यावर फिरायला नेते. वाळूत कुजलेला मासा दिसला की ती आधी गाल, मग मान आणि शेवटी सगळी पाठ त्यावर घासते. आंघोळ घातली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सासूबाई म्हणतात की, रस्त्यावरच्या जन्माची ही खोड आहे, जाणार नाही. शेजारी दोन फटके द्यायला सांगतात. ती असे का करते? त्यातून तिला किंवा घरातल्या मुलांना आजार होऊ शकतो का? आणि ही सवय कशी आवरावी?
– एक वाचक भगिनी, अंधेरी (पश्चिम)

उत्तर : सासूबाईंची शंका आधी दूर करतो. या वागण्याचा जन्माच्या जागेशी काहीही संबंध नाही. महागड्या लॅब्रेडॉरपासून गल्लीतल्या मोत्यापर्यंत सगळी कुत्री हे करतात, आणि लांडगे, कोल्हे, तरस हेही करतात. चिंगीला यात घाण दिसत नाही, कारण वासाच्या बाबतीत तिचे जग आपल्याहून फार वेगळे आहे. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी सुमारे ५० ते ६० लाख असतात, तर कुत्र्याच्या नाकात जातीनुसार १२ ते ३० कोटी असतात. ज्या वासाने आपण नाक मुठीत धरतो, त्यात तिला तो प्राणी कोणता, मरून किती वेळ झाला आणि तिच्याआधी तिथे कोण येऊन गेले, असा बराच तपशील मिळत असतो.

आपण फार नेमके निरीक्षण केले आहे की, ती सुरुवात गालापासून करते. कुत्र्याला स्वतःची खूण मागे ठेवायची असते तेव्हा ते खांबावर मूत्र सोडते किंवा मागच्या पायांनी माती उकरते. येथे मात्र उलट घडते. गाल, मान आणि खांदे या भागांवर ती बाहेरचा वास मुद्दाम चढवून घेते, आणि भेटल्यावर कुत्री एकमेकांच्या तोंडाचा व मानेचा भाग हुंगतात, हे आपण रोज पाहत असाल.

असे का, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. सर्वांत जास्त सांगितले जाणारे स्पष्टीकरण असे की, पूर्वीच्या शिकारी लांडग्यांना सावजापासून स्वतःचा वास लपवायचा असे. मला हे स्पष्टीकरण पटत नाही. बंदिस्त लांडग्यांपुढे निरनिराळे वास ठेवून केलेला एक अभ्यास १९८६ मध्ये कॅनडातील एका प्राणिशास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता. लपण्याचाच हेतू असता, तर लांडगे सावजाच्या, म्हणजे शाकाहारी जनावरांच्या विष्ठेत सर्वांत आधी लोळायला हवे होते. प्रत्यक्षात मेंढी आणि घोडा यांच्या विष्ठेकडे त्यांनी दुर्लक्ष केले, आणि अत्तरासारखी सुगंधी द्रव्ये, इंजिनचे तेल व इतर मांसाहारी प्राण्यांचे वास यांवर मात्र अंग घासले. वास तीव्र आणि अनोळखी असणे त्यांना महत्त्वाचे होते.

दुसरे स्पष्टीकरण मला अधिक सबळ वाटते. अमेरिकेतील इंडियाना राज्यात ‘वुल्फ पार्क’ नावाचे लांडग्यांचे संशोधन केंद्र आहे. तेथील पॅट गुडमन यांनी पाहिले की, एखादा लांडगा असा वास अंगावर घेऊन परतला की कळपातले बाकीचे त्याला हुंगतात आणि पुष्कळदा त्याच वासाच्या मागावर मूळ ठिकाणापर्यंत जातात. म्हणजे वास ही कळपासाठी आणलेली बातमी ठरते. तरसांवरच्या २००२ च्या एका अभ्यासात, कुजक्या मांसाचा वास अंगाला असलेल्या तरसाकडे सोबत्यांनी अधिक लक्ष दिले, त्याला अधिक हुंगले व चाटले, असे आढळले. कॅलिफोर्नियातले करडे कोल्हे प्यूमा या मोठ्या रानमांजराने खूण केलेल्या जागी गाल घासतात, आणि त्या वासामुळे कोयोटीसारखा (लांडग्याच्या कुळातला) मोठा शत्रू दूर राहत असावा, असा तेथील संशोधकांचा अंदाज आहे. हेतू प्राण्यागणिक वेगळे असू शकतात. परंतु एवढे निश्चित की चिंगी आपल्यावर सूड उगवत नाही आणि हट्टही करत नाही.

म्हणूनच फटक्यांचा सल्ला मनावर घेऊ नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. लोळून झाल्यावर मिळालेल्या शिक्षेचा संबंध कुत्री लोळण्याशी जोडत नाही, तर आपल्याजवळ येण्याशी जोडते. आणि एकदा ती हाकेला येईनाशी झाली की, किनाऱ्यावर तिला आवरणे अशक्य होते.

आता आजाराविषयी. कुजलेला मासा नुसता अंगाला लागल्याने सहसा काही बिघडत नाही. खरा धोका तो खाण्यात आहे. जाळ्यातून फेकून दिलेल्या माशांत केंड असू शकतो, आणि त्याचे विष चेतासंस्थेवर परिणाम करून श्वास बंद पाडू शकते. शिंगाळ्याचे काटे व वाळूत पडलेले गळ यांनी जखमा होतात. पावसाळ्यात किनाऱ्याला लागणारे ब्ल्यू बॉटल हे जेलीफिशसारखे जीव मेल्यानंतरही डंख करतात. उंदीर मरून पडला असेल तर तो विष खाऊन मेलेला असण्याचा संभव असतो. लेप्टोस्पायरोसिसची काळजी मात्र मी मुंबईत प्रत्येक घराला घ्यायला सांगतो, कारण उंदरांच्या मूत्रातून पसरणारा हा रोग कुत्र्याला होतो तसा माणसालाही होतो. चिंगीची त्यावरची लस दरवर्षी वेळेवर द्यावी, आंघोळ घालणाऱ्याच्या हाताला जखम असल्यास हातमोजे वापरावेत, आणि आंघोळ होईपर्यंत मुलांना तिच्या अंगाशी खेळू देऊ नये.

आंघोळीतच पुष्कळांची चूक होते. थेट पाणी ओतल्याने तेलकट घाण केसांत पसरते. म्हणून आधी जुन्या वर्तमानपत्राने ती पुसून काढावी, मग कोमट पाणी व कुत्र्यांचा शाम्पू लावून पाच ते दहा मिनिटे थांबावे. आपला शाम्पू वापरू नये, कारण त्यांची त्वचा आपल्याहून पातळ आणि कमी आम्लधर्मी असते. माशाचा दर्प मुख्यतः ट्रायमिथाइलअमीन या अल्कधर्मी द्रव्यामुळे येतो व आम्लाने तो दबतो. तळलेल्या माशावर लिंबू पिळण्यामागेही हेच कारण आहे. मात्र अंगावर लिंबू चोळू नये. एक भाग पांढरा व्हिनेगर चार-पाच भाग पाण्यात मिसळून, डोळे व जखमा टाळून लावावा आणि धुऊन टाकावा. पावसाळ्यात जुहू-वर्सोव्याला येणारे डांबरगोळे, म्हणजे समुद्रातून वाहत आलेले घट्ट तेलाचे चिकट गोळे, केसांना चिकटले, तर खोबरेल चोळून ते सैल करावेत. रॉकेल, टर्पेंटाइन किंवा फिनाईल कदापि लावू नये. शेवटी पावडर वा अत्तरही नको. तीव्र, परका वास अंगावर राहिला की, तो झाकण्यासाठी कुत्री पुन्हा लोळायला जागा शोधतात, असा माझ्याकडे येणाऱ्या अनेक पालकांचा अनुभव आहे.

सवय पूर्ण सुटेल, असे आश्वासन मी देणार नाही, पण ती आवरता निश्चित येते. भरतीची रेषा, जिथे कचरा व मेलेले मासे साचतात, तिथे पट्टा हातात आखूड ठेवावा आणि ओल्या, स्वच्छ वाळूवर तो लांब सोडावा. लोळण्यापूर्वी कुत्री थांबते, मान खाली घालते आणि एक खांदा झुकवते. हाक मारायची ती त्याच क्षणी. ‘ये’ म्हटल्यावर परत येण्याचा सराव आधी घरात, मग गच्चीवर, आणि नंतरच किनाऱ्यावर करावा. परत आल्यावर उकडलेल्या कोंबडीचा तुकडा द्यावा, कारण माशाच्या मोहापुढे कोरडे बिस्किट टिकत नाही.

चिंगी घरातल्या स्वच्छ फरशीवरही वारंवार पाठ घासू लागली, त्वचा लाल दिसली, कानाला दुर्गंध आला किंवा ती बसल्या जागी ढुंगण घसटू लागली, तर तो वासाचा विषय नसून गोचीड, ॲलर्जी किंवा गुदग्रंथींचा त्रास असू शकतो. तेव्हा जवळच्या पशुवैद्यांना दाखवावे. किनाऱ्यावर काही खाल्ल्यानंतर उलट्या, लाळ गळणे किंवा पाय लटपटणे दिसल्यास मात्र घरगुती उपाय न करता तिला तत्काळ दवाखान्यात न्यावे.