अभ्यासदौऱ्यात कंपन्या किती असाव्यात आणि शाळा कशासाठी असावी

संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाच्या साठ विद्यार्थ्यांना घेऊन जानेवारीत पुणे आणि बंगळुरू असा सहा दिवसांचा अभ्यासदौरा आपण आखत आहात. यादीत आठ तंत्रज्ञान कंपन्या आणि बंगळुरूजवळची एक सरकारी शाळा आहे, आणि वेळ अपुरा पडला तर शाळा वगळावी का, असा आपला प्रश्न आहे. असे दौरे मी बरीच वर्षे नेले आहेत. त्या अनुभवावरून माझे मत असे की शाळा वगळू नये, कंपन्या आठवरून चारवर आणाव्यात आणि शाळा बंगळुरूची न घेता पुणे जिल्ह्यातील घ्यावी.

आधी कंपन्यांविषयी. मोठ्या कंपनीच्या फाटकावर साठ जणांची ओळखपत्रे तपासणे, लॅपटॉपचे क्रमांक नोंदवणे, मोबाईलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावणे आणि प्रत्येकाला पास देणे यातच पाऊण ते एक तास जातो. त्यानंतर सभागृहात मनुष्यबळ विभागाचे कोणीतरी कंपनीची चित्रफीत दाखवते, आवाराची फेरी होते, चहा होतो, सामूहिक छायाचित्र निघते. पहिल्या कंपनीत विद्यार्थी भारावतात, तिसरीत कंटाळतात, आणि पाचवीपर्यंत कोणती इमारत कोणाची होती हेही त्यांच्या लक्षात राहत नाही. यात दोष विद्यार्थ्यांचाही नाही आणि कंपनीचाही नाही. आपण पत्रात 'भेटीची परवानगी मिळावी' एवढेच मागतो, म्हणून तेवढेच मिळते.

पत्रात नेमकी मागणी करावी. मी लिहीत असे की आम्हांला प्रत्यक्ष काम करणारे दोन अभियंते एका तासासाठी हवे आहेत, आणि त्यांनी अलीकडे सोडवलेली एक अडचण, कंपनीची गोपनीयता सांभाळून, फळ्यावर उलगडून दाखवावी. एकदा पैसे हस्तांतरणाच्या प्रणालीवर काम करणाऱ्या एका तरुण अभियंत्याने फळ्यावर चारच चौकोन काढले होते: देणाऱ्याचा मोबाईल, त्याची बँक, मधली यंत्रणा आणि घेणाऱ्याची बँक. मग त्याने विचारले, 'पैसे पहिल्या खात्यातून वजा झाले आणि त्याच क्षणी नेटवर्क गेले, तर पुढे काय व्हायला हवे?' विद्यार्थ्यांनी सांगितले की विनंती पुन्हा पाठवावी. त्यावर त्याचा प्रश्न आला की पहिली विनंती खरे म्हणजे पोहोचलेली असेल आणि फक्त उत्तर हरवले असेल, तर पैसे दोनदा वजा होणार नाहीत का? प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र ओळख क्रमांक का द्यावा लागतो, आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर दुसऱ्यांदा पैसे वजा न करता आधीचेच उत्तर का परत पाठवायचे, हे त्या तासाभरात मुलांना असे समजले की पुढे परीक्षेसाठी वेगळे शिकवावे लागले नाही. २०१६ मध्ये युपीआय सुरू झाल्यापासून आपण सगळेच हे दररोज वापरतो, त्यामुळे प्रश्न कोणालाही परका वाटला नाही.

माझ्या मते संपूर्ण दौऱ्याला असा एकच प्रश्न असावा आणि तो प्रत्येक ठिकाणी विचारला जावा. 'नेटवर्क किंवा वीज मध्येच गेली तर तुमची प्रणाली काय करते?' हा प्रश्न मला सर्वांत फलदायी वाटला आहे. बँकिंगचे काम करणारी कंपनी त्याचे एक उत्तर देते, वाहनांमधील इलेक्ट्रॉनिक्स करणारी दुसरे देते, आणि गावातील शाळा तिसरे देते. शाळा दौऱ्याबाहेरची वाटू नये यासाठी हा धागा लागतो. नाहीतर ती समाजसेवेचा एक तास होऊन बसते.

पुण्याने सुरुवात करावी. तेथील सी-डॅक ही कंपनी नसून संगणन क्षेत्रातील सरकारी संशोधन संस्था आहे, तरी ती मी यादीत सर्वांत वर ठेवीन. अमेरिकेने हव्या त्या क्षमतेचा क्रे महासंगणक देण्यास नकार दिल्यानंतर १९८८ मध्ये डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली ही संस्था उभी राहिली आणि १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार झाला. परमची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. पण भारतीय लिपी संगणकावर आणण्याचे याच संस्थेतील काम विद्यार्थ्यांना सहसा ठाऊक नसते, आणि शाळेत मूल पडद्यावर मराठी वाचते तेव्हा त्याच कामाचा संबंध येतो. खासगी कंपन्यांमध्ये पुण्यातच वाढलेली एखादी तरी घ्यावी. क्विक हीलची सुरुवात कैलास काटकर यांच्या कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या व्यवसायातून झाली आणि त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी विषाणूरोधक सॉफ्टवेअर लिहिले, हे आपल्या भागातील मुलांनी ऐकायला हवे. हिंजवडीतील एक कंपनी पुरे. तेथील वाहतूक पाहता एका दिवसात दोन कंपन्या बसवण्याचा हट्ट धरू नये.

बंगळुरूला पुण्याहून उद्यान एक्स्प्रेसने सोलापूर, रायचूर, गुंतकल मार्गे जाता येते, आणि रात्रीच्या प्रवासात आदल्या दिवसाची टिपणे पूर्ण करून घेता येतात. तेथेही दोनच कंपन्या ठेवाव्यात, आणि इलेक्ट्रॉनिक्स सिटी व व्हाइटफिल्ड हे एकमेकांपासून दूरचे भाग एकाच दिवशी घेऊ नयेत, कारण बहुतेक वेळ बसमध्येच जातो. चिप आरेखन करणारी एक कंपनी मिळाली तर उत्तम. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९८५ मध्ये बंगळुरूत संशोधन-विकास केंद्र काढले, तेव्हा अमेरिकेशी माहितीची देवाणघेवाण करण्यासाठी स्वतंत्र उपग्रह जोडणी उभारावी लागली होती. नेटवर्कविषयीच्या आपल्या प्रश्नाची ती या शहरातील जुनी आवृत्तीच म्हणता येईल. इन्फोसिसही १९८१ मध्ये पुण्यात स्थापन होऊन १९८३ मध्ये बंगळुरूला गेली. उद्योग एका शहरातून दुसऱ्या शहरात का जातो, ही चर्चा गाडीतच करून घ्यावी.

आता शाळेविषयी, आणि येथे मी थोडे सविस्तर लिहितो, कारण सर्वाधिक बिघडते ते येथेच. बंगळुरूजवळची सरकारी शाळा कन्नड माध्यमाची असण्याची शक्यता अधिक. आपल्या विद्यार्थ्यांना कन्नड येत नाही, म्हणजे ते शाळेतील मुलांशी बोलणार नाहीत, फक्त त्यांच्याकडे पाहत राहतील. जुन्नर किंवा आंबेगाव तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत तेच विद्यार्थी परिपाठाला मागे उभे राहतील, चौथीच्या मुलाशेजारी बसतील आणि तो काय वाचतो आहे हे त्यालाच विचारतील. शिवाय त्याच बाजूला नारायणगावजवळ खोडद येथे महाकाय मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, आणि आवारात मोबाईल बंद ठेवण्याचे कारण थेट भौतिकशास्त्रात! आधी परवानगी घेऊन दुपार तेथे घालवता आली तर दिवस सार्थकी लागतो.

मात्र साठ जणांनी एका शाळेत जाऊ नये. पहिली ते चौथीच्या अनेक शाळा द्विशिक्षकी असतात. तेथे साठ पाहुणे आले की त्या दिवशी शिकवणे थांबते. मुख्याध्यापकांशी आणि केंद्रप्रमुखांशी बोलून एकाच केंद्रातील, म्हणजे शेजारच्या शाळांच्या एका गटातील, चार शाळा ठरवाव्यात आणि प्रत्येकीत पंधरा विद्यार्थी पाठवावेत. गटशिक्षणाधिकाऱ्यांची लेखी परवानगी घ्यावी आणि शाळा व्यवस्थापन समितीलाही कळवावे. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत किमान तीन-चतुर्थांश पालक असतात, आणि आपल्या मुलांच्या वर्गात कोण येत आहे हे त्यांना आधी कळायलाच हवे.

विद्यार्थ्यांनी तेथे काय पाहावे? भिंतीवरचा टीव्ही चालू आहे का, एवढेच पाहून परत येऊ नये. वीजबिल कोण भरते, बालभारतीच्या पुस्तकातील क्यूआर कोड कोणाच्या मोबाईलवर उघडतो, शालेय पोषण आहाराची दैनंदिन माहिती कोण, कधी आणि कोठून भरते, हे विचारावे. एका शाळेत आमच्या विद्यार्थ्यांनी पाहिले की बाई आधी सगळे आकडे वहीत लिहितात, मग मधल्या सुटीत व्हरांड्याच्या ज्या टोकाला नेटवर्क मिळते तेथे उभ्या राहून स्वतःच्या मोबाईलवर ते भरतात. पडदा मध्येच अडकला की माहिती गेली की नाही हे समजत नाही. पुन्हा भरावी तर दोनदा नोंद होण्याची भीती. त्या अभियंत्याने फळ्यावर मांडलेला प्रश्न आणि बाईंच्या वहीतला प्रश्न एकच आहे, हे एका विद्यार्थिनीच्या आपणहून लक्षात आले, आणि पुढे तिच्या गटाने शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी नेटवर्क नसताना माहिती जपून ठेवणारे ॲप निवडले. नुसत्या कंपन्या पाहून हे सुचले नसते.

काही गोष्टी आधीच बजावून ठेवाव्यात. मुलांचे चेहरे दिसतील अशी छायाचित्रे काढू नयेत आणि समाजमाध्यमांवर तर मुळीच टाकू नयेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे, आणि कायदा नसता तरी हे अयोग्यच ठरले असते. पेन आणि चॉकलेट वाटू नयेत. काही द्यायचेच असेल तर मुख्याध्यापकांना आधी विचारावे. बहुधा शाळेकडे पडून असलेले दोन संगणक चालू करून देणे त्यांना अधिक उपयोगाचे वाटते, आणि ते आपल्या विद्यार्थ्यांच्या हातचे काम आहे. त्यासाठी स्क्रू ड्रायव्हरचा संच आणि मराठी टंकलेखनाची सोय असलेली लिनक्ससारखी मुक्त कार्यप्रणाली पेन ड्राइव्हवर सोबत ठेवावी. कंपनीच्या फाटकावर मात्र तो पेन ड्राइव्ह बसमध्येच राहू द्यावा.

तारखांबाबत एवढेच की जानेवारीत अनेक शाळांत क्रीडास्पर्धा आणि स्नेहसंमेलने असतात आणि शनिवारी शाळा सहसा सकाळचीच भरते, म्हणून आधी शाळेचा दिवस पक्का करावा आणि कंपन्यांच्या तारखा त्याभोवती बसवाव्यात. कंपन्यांना किमान दोन महिने आधी लिहावे, आणि तेथे काम करणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यालाच पत्राचा पाठपुरावा करायला सांगावे. सामान्य चौकशीच्या ईमेलवर पाठवलेल्या पत्राला उत्तर क्वचितच येते. साठ जणांना एकत्र आत घ्यायला बहुतेक कंपन्या तयार नसतात, तेव्हा तीस-तीसचे दोन गट करून सकाळ-दुपार अदलाबदल करावी आणि प्रत्येक गटासोबत दोन शिक्षक ठेवावेत, त्यांत एक शिक्षिका असावीच.

अहवाल मात्र आठ पानांचा छापील नको. प्रत्येक विद्यार्थ्याने त्या एकाच प्रश्नाला तीन ठिकाणी मिळालेली उत्तरे दोन पानांत लिहावीत, आणि शाळेविषयीचा भाग मराठीत लिहून त्याची प्रत महिन्याभरात त्या मुख्याध्यापकांकडे पोहोचती करावी.