एसटीत बसून उघडते का तुमची साईट?

प्रश्न: लातूरला आमचे क्लासेस आहेत. यंदा नवी वेबसाईट केली. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर झकास दिसते, पण निलंगा, अहमदपूरकडचे पालक म्हणतात, उघडतच नाही. नेटवर्कचा दोष असेल का?

नेटवर्कच्या नावानं बोटं मोडणं सोपं आहे, सर. तुमची साईट मी औशाला जाणाऱ्या एसटीत बसून उघडली. कंडक्टरनं तिकीट दिलं, सुट्टे परत केले, तरी पहिला फोटो अर्धाच उतरला होता. वरच्या सरकत्या पट्टीत गुणवंतांचे सहा फोटो आहेत, मोबाईलनं काढले तसेच चढवलेले: 4000 बाय 3000 पिक्सेल, एकेक चार-पाच एमबीचा. म्हणजे नुसतं तोंड दाखवायलाच जवळपास 30 एमबी! पालकांच्या फोनवर पानाला रुंदी मिळते साधारण 360 ते 412 पिक्सेल. दाट पिक्सेलांच्या पडद्यासाठी तिप्पट धरली तरी 1200 पुष्कळ झाले. फोटो तेवढे करून वेबपी या हलक्या फोटो-प्रकारात साठवा, एकेक दोनशे केबीच्या आसपास बसेल. पट्टी तर काढूनच टाका. दुसरा फोटो सरकून येईपर्यंत कोण थांबतंय?

दुसरं म्हणजे तुमचा फोन नंबर त्या फोटोतच छापलाय. त्यावर बोट टेकवलं तर फोन लागत नाही. शेजारच्या सीटवरच्या गृहस्थांना साईट दाखवली, तर ते तळहातावर पेनानं आकडे उतरवायला लागले. नंबर फोटोबाहेर, साध्या मजकुरात लिहा, त्याला फोनची लिंक द्या, आणि फी, बॅचची वेळ, होस्टेल हे सगळं पहिल्याच पडद्यावर आणा. साईट करणाऱ्याला सांगा, ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्कचा वेग मुद्दाम कमी करता येतो. तो करून एकदा बघ म्हणावं.

प्रश्न: बीड जिल्ह्यात साप्ताहिक चालवतो. जुने अंक कृतीदेव फाँटमध्ये आहेत. मजकूर साईटवर टाकला तर गिचमीड दिसते. म्हणून पानांचे फोटो टाकले, तर गुगलवर आमची एकही बातमी सापडत नाही.

कृतीदेव ही लिपी नव्हे, मुखवटा आहे. तुम्ही ‘कमल’ टाईप करता तेव्हा फाईलमध्ये साठतात इंग्रजी डी, ई, वाय. फाँट त्यांच्यावर देवनागरीचं सोंग चढवतो. वाचकाच्या फोनमध्ये तो फाँट नसला की सोंग उतरतं. फोटोंची गत वेगळी. त्यातली अक्षरं माणसाला वाचता येतात, पण शोधयंत्राला त्या फोटोत आयता मजकूर मिळत नाही, म्हणून बातमी शोधात येत नाही.

उपाय एकच, युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक. जुना मजकूर त्यात बदलून देणारे कन्व्हर्टर फुकट मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून भरवसा ठेवू नका. कृतीदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाईप होते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये बरोबर उलटं. त्यामुळं गडबड हमखास तिथंच होते. शिवाय अनेक कन्व्हर्टर हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेले, त्यामुळं ‘शेतकऱ्यांचा’चं ‘शेतकर्यांचा’ होतं. मराठी साप्ताहिकात हे खपवून घेऊ नये. सगळे अंक एकदम करायला जाऊ नका, वर्षभर कुणाला सवड नसते. लोक अजून विचारतात ते दुष्काळाचे, पाणीटंचाईचे विशेषांक आधी घ्या. कोडात पानाची भाषा मराठी असल्याची नोंदही करा, नाहीतर काही फाँटांत ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसतात.

प्रश्न: पैठणला आमचं पैठणीचं घरचं विणकाम आहे. साईट करून देणारा मुलगा फोन उचलत नाही आणि साईट बंद पडलीय.

ताई, जमीन तुमची आणि सातबारा त्याच्या नावावर, असं झालंय. डोमेन, म्हणजे साईटचं नाव, त्यानं स्वतःच्या ईमेलवरून घेतलं असणार. ‘हूइज’ शोधात नाव टाकून ते कोणत्या कंपनीकडं नोंदलंय आणि मुदत कधी संपली ते बघा, आणि पैसे भरल्याच्या पावत्या घेऊन त्या कंपनीला लिहा. डॉट कॉम असेल तर मुदत संपल्यावर काही दिवस नेहमीच्या भावात, आणि नाव काढून टाकल्यावरही 30 दिवस जादा पैसे भरून ते परत घेता येतं. ते पैसे सहसा ज्याच्या नावावर खातं त्यालाच भरता येतात, म्हणून त्या मुलाला गाठायचा प्रयत्नही सोडू नका. नंतर ते दुसरं कुणीही घेऊ शकतं. तेव्हा आजच बसा.

प्रश्न: नांदेडला सहा महिन्यांपासून वेबसाईटची कामं घेतो. रात्री बदल चढवले की सकाळी क्लायंटचा फोन, ‘काहीच बदललं नाही.’ माझ्याकडं तर दिसतं! वैताग आलाय.

तुम्ही दोघंही खरं बोलताय. त्याच्या ब्राउझरनं जुनी सीएसएस फाईल, म्हणजे साईटचं रूप ठरवणारी फाईल, जपून ठेवलीय. फाईलच्या पत्त्यापुढं आवृत्तीचा आकडा जोडा आणि दर बदलाला तो वाढवा, म्हणजे ब्राउझर नवी फाईल मागवील.

पण भाऊ, क्लायंटची तक्रार लगेच झटकू नका. एका मंगल कार्यालयाच्या साईटवर मी मोठ्या हौसेनं नावाच्या अक्षरांत दोन-दोन पिक्सेल अंतर सोडलं. इंग्रजी साईटवर ते छान दिसतं. मालक म्हणाले, ‘अक्षरं दोरीवरून निसटल्यासारखी का दिसायलीत ओ?’ मी म्हणालो, तुमचा फोन जुना असेल. घरी येऊन नीट पाहिलं, तर शिरोरेषा जागोजागी तुटलेली. देवनागरीत लेटर-स्पेसिंग शून्यच ठेवायचं, आणि ओळीची उंची अक्षराच्या आकाराच्या दीडपटीहून थोडी जास्त, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर बसतो. मालकांना डिझाईनमधलं काही कळत नव्हतं, डोळे मात्र माझ्यापेक्षा चांगले होते.

प्रश्न: हार्डवेअरचं दुकान आहे. साईटवर धावती ओळ आणि किती लोक येऊन गेले तो आकडा ठेवावा का?

धावती ओळ बसस्टँडवरच बरी. ती पळवणारा ‘मार्की’ टॅग वेबपानांच्या भाषेत, एचटीएमएल 5 मध्ये, कालबाह्य ठरलाय, आणि सिमेंटचा भाव वाचेपर्यंत तो पळून गेलेला असतो. आकडा तर आजच काढा. मी पाहिला तेव्हा 112 होता, आणि त्यातले दहा-बारा मीच.